आधी परवानगी काढायची, मग ॲप

सकाळी ९
शटर उघडण्याआधीच एक काका पायरीवर बसलेले. औंढा नागनाथ तालुक्यातलेच, हळदवाले. "भाऊ, मोबाइल आपोआपच चालायलाय. सेटिंग उघडली की लगेच बंद व्हायलीय."

पहिल्यांदा सिम काढलं, वाय-फाय बंद केलं. आत बसलेलं ॲप ओटीपीचे मेसेज बाहेर पाठवत असेल तर त्याची वाट तिथेच तुटते. मग विचारलं, "पैसे गेले का?" गेले असते तर दुरुस्ती बाजूला ठेवून आधी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावला असता. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्याआधी तक्रार पोचली, तर ती गोठवता येते. काकांचे गेले नव्हते.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल आली होती. वर्षाचे सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. त्यातला एक अडकला की माणूस दिसेल ते दाबून बघतो. कधी हीच फाइल लग्नपत्रिका होऊन येते, कधी आरटीओचं चलान. काकांना मी बोल लावणार नाही. फाइल ओळखीच्या नंबरावरून आलेली असते, कारण त्या ओळखीच्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो.

सकाळी १०
ॲपचं चिन्ह पडद्यावर कुठेच नाही. त्याने 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी घेतलेली. ही सोय अंध आणि अपंग माणसांसाठी केलेली आहे: ॲप पडदा वाचतं आणि माणसाच्या वतीने बटणंही दाबतं. म्हणून आपण काढायला गेलो की तेच 'मागे' दाबून आपल्याला बाहेर ढकलतं. दुसरी पकड 'डिव्हाइस ॲडमिन'ची. ती असेपर्यंत 'अनइन्स्टॉल' चालतच नाही.

पॉवरच्या मेनूत 'बंद करा'वर बोट दाबून धरलं की बरेच फोन 'सेफ मोड'मध्ये उघडतात. तिथे आपण टाकलेली ॲप्स झोपलेली असतात. आधी ॲक्सेसिबिलिटी काढली, मग ॲडमिन, शेवटी ॲप. क्रम चुकला तर लव्हाळ्यासारखं होतं, वरचं पातं हातात येतं आणि गाठ जमिनीत राहते.

मेसेज कोणतं ॲप वाचतंय ते तपासलं. सिम परत घालून ##००२# लावलं आणि कॉल फॉरवर्डिंग बंद केलं, व्हॉट्सॲपची जोडलेली उपकरणं काढली, प्ले प्रोटेक्टने फोन तपासला. व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप टाकायची दिलेली मुभा काढून घेतली. बँकेचा पासवर्ड आणि यूपीआय पिन मात्र मुलाच्या फोनवरून बदलायला लावले. एवढं करूनही त्रास राहिला तर फोटो आणि नंबर बाजूला काढून फॅक्टरी रीसेट.

दुपारी १२
सेवा केंद्रातला कॉम्प्युटर. कोपऱ्यात सारखं 'तुमच्या संगणकात व्हायरस' झळकतंय. हे बहुतेकदा ब्राउझरने एखाद्या साइटला दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीमुळे असतं. ती परवानगी काढली, एक अनोळखी एक्स्टेंशन काढलं. तरी विंडोज डिफेंडरची ऑफलाइन तपासणी लावलीच, कारण ती विंडोज चालू होण्याआधी होते आणि लपून बसणाऱ्याला तेव्हा लपायला जागा कमी असते. मशीन विंडोज १० वर आहे. त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. लोकांचे आधार आणि सातबारा ज्या मशीनवर उघडतात ते असं ठेवू नका, हे मी केंद्रचालकाला स्पष्ट सांगितलं.

दुपारी ३
आडतीवरचा मुनीम विचारतो, "कोणता अँटीव्हायरस टाकू? एकानं क्रॅक केलेला दिलाय."

क्रॅक केलेला कधीच नाही. पहारेकरीच चोराने नेमल्यावर घर कुणी राखायचं? फोनभर जाहिराती दाखवून 'क्लीनर' म्हणवणारी ॲप्सही नकोत. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था नियमित चाचण्या घेऊन निकाल जाहीर करतात. ते आधी बघावेत. पण पकडण्यात हुशार म्हणजे विश्वासू, असं नाही. अवास्टने ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून कंपनी कमावते कशातून, हेही विचारावं. क्विक हील आपल्या पुण्याची. तिचे संस्थापक कैलास काटकर यांची सुरुवात कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून झाली, याचा माझ्या धंद्यातल्या माणसाला अभिमान वाटतोच. तरी निवडताना मोजमाप तेच लावायचं. पैसे घालायचे नसतील तर अपडेट केलेला डिफेंडर पुरेसा आहे, शिवाय सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं २०१७ पासून आहेत. दोन अँटीव्हायरस एकत्र चालवू नयेत, ते एकमेकांनाच अडवतात.

संध्याकाळी ६
एक ताई बहिणीला घेऊन आल्या. "मी कुठं गेले, कुणाशी बोलले, घरी सगळं कळतंय." प्ले प्रोटेक्ट कुणीतरी मुद्दाम बंद केलेलं, आणि साध्या नावाच्या एका ॲपला लोकेशन, माइक, ॲक्सेसिबिलिटी सगळंच दिलेलं.

सकाळचा क्रम इथे चालत नाही. ॲप काढलं की पाळत ठेवणाऱ्याला ते कळू शकतं, आणि राग निघतो तो बाईवर. शिवाय पुरावाही जातो. मी काहीच दाबलं नाही. पडद्याचे फोटो बहिणीच्या फोनने काढले. महिलांसाठी १८१, जिवाला धोका वाटला तर ११२, आणि तक्रारीसाठी हिंगोलीचे सायबर पोलीस, एवढं सांगितलं. महत्त्वाचं बोलणं आता दुसऱ्या फोनवरूनच करा, हेही. ॲप कधी काढायचं ते त्या ठरवतील. काढायचं ठरलं तर मी दुकान उघडून देईन, रात्र असली तरी.