नारिंगी डागाची साक्ष

कुशावर्त कुंडाच्या पायऱ्यांवर घटकाभर टेकलेल्या मनुष्यास अलीकडे तीर्थाबरोबर मेंदूविज्ञानही पाजले जाते. मोबाइलवरील चित्रात मंत्रपठणाची जागा तांबडी, ध्यानाची पिवळी, आणि जेथे रंग मिसळले तेथे नारिंगी डाग. त्यावरून ‘दोन्ही क्रिया मुळात एकच, हे यंत्रानेच सिद्ध केले’ असा निवाडा ऐकविणारे सद्गृहस्थ मला इतके भेटले आहेत, की आता मौन पाळवत नाही.

आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नोंद गाववार असते. सिंहस्थ आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी-प्रदक्षिणा, या दोन्ही पर्वांस खरोखर लोटणारी गावे कोणती, असे विचारले तर जाणता कारकून प्रत्येक फर्द स्वतंत्र तपासील आणि दोहोंत जेथे हजेरी कमी, तोच आकडा कसोटीस लावील. 2005 साली टॉमस निकोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या चित्रांसाठी नेमका हाच दंडक मांडला. तत्पूर्वी, कार्ल फ्रिस्टन आदींच्या 1999 च्या निबंधानंतर रूढ झालेली रीत ‘कोणत्याच क्रियेत काही घडले नाही’ एवढेच गृहीतक खोडून काढी. ते खोडले गेले म्हणजे निदान एकीत काही घडले, इतकेच निष्पन्न होते, परंतु वाचणारे ‘दोहोंत घडले’ असे वाचीत. आणि सवलत तरी केवढी! दोन स्वतंत्र कसोट्या असता एकंदर चुकीची 5 टक्क्यांची मर्यादा पाळूनही प्रत्येकीस सुमारे 22 टक्क्यांची मोकळीक मिळे; म्हणजे सिंहस्थास सारे गाव लोटले आणि श्रावणात चुकून दोघे-चौघे आले, तरी ते गाव दोन्ही फर्दींवर रुजू!

बरे, दोन्ही फर्दी काटेकोर तपासूनही डाग टिकला, तरी गाव तेच. माणसे तीच कशावरून? चित्राचा एक कण साधारण तीन मिलिमीटरचा, आणि त्यात लाखो चेतापेशी नांदतात. शिवाय अनेकांच्या मेंदूंची सरासरी काढून धूसर केलेल्या चित्रात असा मिलाफ उमटू शकतो, की जो त्यांतल्या एकाच्याही डोक्यात नाही.

रंग म्हणजे पेशींचा उजेड नव्हे. रक्तातील प्राणवायूच्या फरकावरून काढलेली ती हिशेबी खूण आहे. हजारो कण एकदम तपासताना आवश्यक ती दुरुस्ती केली नाही, तर मेलेल्या सामन माशाच्या मेंदूतही हालचाल सापडते, हे क्रेग बेनेट यांनी 2009 मध्ये दाखविलेच.

उरला पठण करणाऱ्या पंडितांच्या मेंदूंवरचा जेम्स हार्टझेल व सहकाऱ्यांचा 2016 चा अभ्यास. आमच्या क्षेत्री यजुर्वेदी घराणी पुष्कळ असल्याने त्याचे कौतुक होणे स्वाभाविकच. पण 21 शुक्ल यजुर्वेदी पंडित आणि 21 इतर यांच्या त्या मुकाबल्यात मोजली ती मेंदूची रचना. पठणाने ती बदलली, की तशी असणारेच पठणात टिकले, याचा निकाल त्यात नाही. आणि ध्यानाचा तर त्यात विषयही नाही.