‘टायफॉइड निघाला’ म्हणण्याआधी

मृगाच्या सरी पडून गेल्या, नाल्यांना गढूळ पाणी आलं, की यवतमाळ जिल्ह्यातल्या दवाखान्यांत एक वाक्य सारखं कानावर येतं : ‘रक्त तपासलं, टायफॉइड निघाला.’ दिग्रस असो, घाटंजी असो की वणी, ताप चढून दोन दिवस होत नाहीत तोच हा निकाल हातात पडतो. सलाईन लागते, इंजेक्शनं सुरू होतात, ऐन हंगामात निंदण-डवरण थांबतं आणि उसनवारी करून बिल भागवलं जातं. दोन दिवसांच्या तापात आलेला हा निकाल भरवशाचा नसतो, ही गोष्ट मात्र रुग्णाला क्वचितच सांगितली जाते.

हा निकाल बहुतेक वेळा विडाल तपासणीचा असतो. फ्रेंच डॉक्टर फर्नांद विडाल यांनी ती १८९६ मध्ये मांडली. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून खऱ्या टायफॉइडमध्येही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विडाल कोरी येऊ शकते. उलट, जंतू पूर्वी कधी पोटात जाऊन गेला असेल, लस घेतलेली असेल किंवा आताचा ताप मलेरियाचा असेल, तरी ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. जिथं या जंतूशी लोकांची गाठ वरचेवर पडते, तिथं धडधाकट माणसांच्या रक्तातही ही प्रतिपिंडं थोडीफार सापडतात. एकदाच केलेल्या विडालवर उपचार ठरवणं मला धोक्याचं वाटतं ते यासाठी, की तो कागद हाती आला की खऱ्या आजाराचा शोध थांबतो. पावसाळ्यात विदर्भात डेंग्यू असतो, मलेरिया असतो, स्क्रब टायफसही असतो. त्या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे.

खात्रीची तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर. रक्त पोषक द्रावणात ठेवून त्यात जंतू वाढतो का, ते पाहायचं. पहिल्या आठवड्यात आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस पडण्याआधी रक्त घेतलं, तर जंतू सापडण्याची शक्यता सर्वाधिक. तरीही टायफॉइडच्या जवळपास ४० टक्के रुग्णांत तो हाती लागत नाही, आणि निकालाला काही दिवस जातात. या उणिवा मान्य करूनही तीच करून घ्यावी, कारण कोणतं औषध त्या जंतूला लागू पडेल हे फक्त कल्चर सांगतं.

हे सांगणं दिवसेंदिवस महत्त्वाचं होत चाललं आहे. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉइडवर वापरलं गेलं आणि एकवीस दिवस घरातल्यांचा जीव टांगणीला लावणारा मुदतीचा ताप पहिल्यांदा माणसाच्या ताब्यात आला. १९७२ मध्ये केरळातल्या कालिकतमध्ये या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूची साथ आली. पुढं सिप्रोफ्लॉक्सासिनवर भिस्त होती, भारतात आज तेही बहुतेक ठिकाणी निरुपयोगी झालं आहे. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात पसरलेल्या जंतूनं तर सेफ्ट्रायक्झोनलाही दाद दिली नाही. प्रत्येक साध्या तापाला टायफॉइड म्हणून दिलेलं प्रतिजैविक या वाटेवर जंतूला एक पाऊल पुढं नेतं.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. योग्य औषध सुरू झालं तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी ‘गुण येत नाही’ म्हणून डॉक्टर बदलला, त्यानं नवं औषध दिलं, पाचव्या दिवशी ताप उतरला की श्रेय दुसऱ्याला जातं आणि दोन्ही औषधं अर्धवट राहतात. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. उपचार अर्ध्यावर सोडलेल्या रुग्णाचं पोट अचानक दुखून ताठ झालं, तर तो शस्त्रक्रियेचा प्रसंग असतो.

आता खुद्द टायफॉइडच्या जंतूकडे वळू; तो साल्मोनेला कुळातला. साल्मोनेला हे नाव अमेरिकी पशुवैद्य डॅनियल साल्मन यांच्यावरून पडलं. १८८५ मध्ये डुकरांत या कुळातला जंतू प्रत्यक्ष शोधला त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी. या कुळात अडीच हजारांहून अधिक प्रकार आहेत. त्यातला टायफी आणि त्याचा भाऊबंद पॅराटायफी फक्त माणसात राहतात. गाय, कोंबडी, डास यांचा त्यांच्याशी संबंध नाही. टायफॉइड झाला याचा अर्थ एकच : कुणा माणसाची विष्ठा, अदृश्य स्वरूपात का होईना, रुग्णाच्या तोंडापर्यंत पोचली. हे ऐकायला किळसवाणं आहे, पण सगळा प्रतिबंध या एका वाक्यात आहे.

यवतमाळात ही वाट बहुधा पाण्यातून जाते. शहराचं पाणी निळोणा आणि चापडोह या धरणांतून येत आलं आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात ती आटली तेव्हा लोकांनी कित्येक दिवसांच्या अंतरानं नळाला पाणी येताना पाहिलं. टंचाईचा त्रास सगळ्यांना दिसतो, तिच्या पोटातला रोग दिसत नाही. नळ बंद असतो तेव्हा पाइपमधला दाब उतरतो आणि फटीतून आजूबाजूच्या नालीचं पाणी आत ओढलं जातं. पुन्हा पाणी सोडलं की ते पहिल्या धारेबरोबर घरात येतं. शिवाय पाणी चार-आठ दिवस पुरवायचं म्हणून ड्रममध्ये साठवलं जातं आणि त्यात दिवसभर लहानथोरांचे हात बुडतात. धरणातून शुद्ध होऊन आलेलं पाणीही असं घरातच बिघडतं. लांब दांड्याचं ओगराळं आणि झाकण, एवढ्यानं त्यातला मोठा भाग टळतो. नळाची पहिली धार पिण्याला घेऊ नये.

खेड्यात विहीर असते, आणि विहिरीची राखण ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो. हे काम किती मोलाचं आहे याची गावाला जाणीव नसते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, थेट विहिरीत फेकायची नसते. बादलीत ती कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं, बादली वरखाली करून ते मिसळायचं आणि निदान अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, जंतूंसाठी उरत नाही. म्हणून पहिल्या पावसानंतर मात्रा वाढवावी लागते. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, तर पावडरमधला क्लोरीन उडून जातो आणि पाण्यात नुसता चुना पडतो. शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. ते ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं झाल्यानं कळतं. ही तपासणी गावातल्या कुणीही पाहायला मागावी. पाणी स्रोतांच्या सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणतं, हा प्रश्न ग्रामसभेत दरवर्षी निघायला हवा. लाल कार्ड म्हणजे त्या गावात साथ पसरायची सगळी तयारी झालेली आहे.

टायफॉइडमधून बरे झालेल्या शंभरातल्या दोन ते पाच जणांच्या पित्ताशयात जंतू ठाण मांडून राहतो. त्यांना काही त्रास नसतो, पण वर्षानुवर्षं तो शौचावाटे बाहेर पडत राहतो. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण १९०७ मध्ये अशी सापडली. तिला सोडलं, ती पुन्हा स्वयंपाक करू लागली, पुन्हा साथ आली, आणि १९१५ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती विलगीकरणात राहिली. मला तिच्याविषयी करुणाच वाटते, कारण आपण आजारी आहोत हे तिला कधीच पटलं नाही. आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइड गटाच्या आजारांविरुद्ध लसीकरण व्हायला हवं. लग्नाच्या आचाऱ्याला, वाढप्यांना, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंना ही लस मिळाली का, हे कुणी विचारत नाही.

लशीबाबत महाराष्ट्रानं जगाला काही दाखवून दिलं आहे. हैदराबादला तयार झालेली, एकाच डोसची आणि सहा महिन्यांच्या बाळालाही चालणारी नवी टायफॉइड लस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ च्या अखेरीस मान्य केली. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. सार्वजनिक पातळीवर ही लस देणारी ती जगातली पहिली मोहीम. नंतरच्या अभ्यासात, कल्चरनं सिद्ध झालेल्या टायफॉइडपासून लस घेतलेल्या मुलांना सुमारे ८० टक्के संरक्षण मिळाल्याचं दिसलं. मुलांच्या डॉक्टरांना या लशीबद्दल जरूर विचारावं. ती पॅराटायफीला किंवा कोंबडीतून येणाऱ्या साल्मोनेलाला अडवत नाही.

हा दुसरा गट जनावरांत राहतो. कोंबड्या, बकऱ्या, डुकरं, पाली, उंदीर यांच्या आतड्यात तो असतो आणि माणसाच्या पोटात शिजलेल्या-न शिजलेल्या अन्नातून जातो. लग्न, कंदुरी, भंडाऱ्याच्या जेवणातून होणाऱ्या विषबाधांत त्याचा हात पुष्कळदा असतो. ओळखायची खूण वेळ आहे. जेवून दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा दुसऱ्याच जंतूनं अन्नात सोडलेलं विष असतं. साल्मोनेला साधारण बारा ते छत्तीस तास घेतो, आणि जुलाबाबरोबर ताप आणतो. कुणी किती वाजता काय खाल्लं, हे लिहून ठेवलं, उरलेलं अन्न फेकून न देता झाकून वेगळं ठेवलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवलं, तर कारण सापडतं.

अनुकूल परिस्थितीत या जंतूची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते. एका जंतूचे सात तासांत वीस लाखांवर होतात. त्याला सगळ्यात मानवतं ते ३७ अंशांच्या आसपासचं तापमान, आणि मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांकडे जातो तेव्हा मांडवाच्या सावलीतलं, रात्री कोमट होत गेलेलं पातेलं त्याला हवं तसंच असतं. दुपारी शिजवलेलं चिकन रात्री अकराच्या पंगतीला तसंच वाढणं म्हणूनच घातक. ७५ अंशांना तो टिकत नाही, तेव्हा वाढण्याआधी रस्सा खदखदून उकळला तर बरंच निभावतं. आपल्या जुन्या वऱ्हाडी पंगतीत ही काळजी आपोआप घेतली जायची. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे कोरडे असतात, वांग्याची भाजी चुलीवरून उतरून थेट पत्रावळीत येते. शेतात नेलेल्या भाकर-ठेच्यातही जंतूला वाढायला फारशी ओल मिळत नाही. आताच्या पंगतीत पनीर आलं, रबडी आली, मठ्ठ्यात बर्फ आला. गोठवल्यानं जंतू मरत नाही, तो थांबून राहतो.

घरी कच्चं चिकन नळाखाली धुण्याची सवय सोडावी. शिंतोडे ओट्यावर, कोथिंबिरीवर, बाजूच्या कोशिंबिरीवर उडतात. चिकन शिजतं, कोशिंबीर शिजत नाही. सुरी आणि पाट साबणानं धुतल्याशिवाय त्यावर कांदा चिरू नये. अंड्याच्या कवचावर जंतू असू शकतोच, पण बाधित कोंबडीच्या अंडाशयातून तो कवच बनण्याआधीच आतही शिरतो. म्हणून अंडं गावरान आहे, ताजं आहे, यानं खात्री मिळत नाही. बलक घट्ट होईपर्यंत शिजवणं हाच उपाय. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर शेजारच्या तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षभराची बंदी घातली. मोमो-शॉवरमाच्या गाड्या आता आपल्याही गावांत आहेत. तिथली पांढरी चटणी कशाची आहे, हे विचारून खावं.

धट्ट्याकट्ट्या माणसाला हा जुलाबाचा आजार चार ते सात दिवसांत ओआरएस आणि पातळ आहारावर बरा होतो. प्रतिजैविकाची बहुधा गरज नसते. काही वेळा त्यानं जंतू अंगात जास्त दिवस राहतो. ताप असताना जुलाब एकदम थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत. तान्ही बाळं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं यांना मात्र वेळ न दवडता दवाखान्यात न्यावं.

आपल्या जिल्ह्यात जोखमीचा आणखी एक गट आहे, आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी बोललं जातं. विदर्भातल्या अनेक आदिवासी आणि इतर समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. एसएस प्रकारच्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, आणि रक्तात शिरलेले जंतू गाळण्याचं काम तीच करत असते. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. त्यामुळे आतड्याचं अस्तर जागोजागी दुखावतं आणि साल्मोनेलाला रक्तात शिरायला वाट मिळते. हाडांचे छोटे तुकडेही रक्ताविना मरतात, आणि तिथं जंतू घर करतो. म्हणून या मुलांच्या हाडांत पू होतो तेव्हा साल्मोनेला हे एक प्रमुख कारण असतं. फसगत अशी, की हाड दुखणं हे सिकलसेलच्या नेहमीच्या वेदनेचंही लक्षण आहे. घरचे ‘त्याचं हे दुखणं नेहमीचंच’ म्हणून वेदनाशामक देतात आणि आठवडा जातो. अशा मुलाला हाड दुखण्याबरोबर ताप असेल, एकाच जागी सूज असेल, हात लावू देत नसेल, तर त्याच दिवशी त्याला यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावं आणि तो सिकलसेलचा रुग्ण आहे हे दारातच सांगावं. गाडी नसेल तर १०८ वर फोन करावा. पहिल्या इंजेक्शनाआधी रक्ताचं कल्चर घ्या, अशी विनंती पालकांनी स्वतः करावी. ज्या घरात असं मूल आहे, तिथं कच्चं अंडं, अर्धंकच्चं मांस आणि न उकळलेलं पाणी त्याच्या ताटापर्यंत येऊच नये.