शालेय कृतिसंशोधन आणि शिक्षक-प्रशिक्षकाचे शिकणे : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
आपल्या वर्गातील अडचणीचा शिक्षकाने स्वतः शास्त्रीय रीतीने शोध घ्यावा व त्यातून अध्यापनात सुधारणा करावी, हा कृतिसंशोधनाचा गाभा होय. समाजमानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये या संकल्पनेची मांडणी केली, तर स्टीफन कोरी यांच्या १९५३ मधील ग्रंथाने ती शालेय शिक्षणात रुजविली. भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर उभ्या राहिलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे प्रशिक्षणाबरोबर कृतिसंशोधनाचेही कार्य आले. कृतिसंशोधनाच्या पायऱ्या शिक्षक-प्रशिक्षकास पाठ असतात. ते प्रत्यक्ष करावयास शिकणे ही मात्र निराळी बाब आहे.

कृतिसंशोधनाचे स्वरूप :
मूलभूत संशोधन सामान्य सिद्धांताचा शोध घेते; कृतिसंशोधन विशिष्ट वर्गातील विशिष्ट प्रश्न सोडविते. समस्येची निश्चिती, संभाव्य कारणांचा शोध, कृतिपरिकल्पना, कार्यवाही आणि मूल्यमापन या त्याच्या प्रमुख पायऱ्या होत. यांपैकी कारणांचा शोध ही पायरी सर्वांत अवघड असून नेमकी तीच अनेकदा घाईने उरकली जाते.

एक उदाहरण :
अजिंठ्याच्या डोंगररांगांमुळे बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग पडतात. जिल्ह्यातील असंख्य मुलांची घरची बोली वऱ्हाडी आहे. अशा एखाद्या शाळेत 'इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनातील चुकांचा शोध व उपाययोजना' हा विषय घेतला, असे मानू. चुकांचे कारण 'निष्काळजीपणा व सरावाचा अभाव' असे आधीच ठरविले जाते. पूर्वचाचणी, प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून घेणे, त्याच शब्दांची उत्तरचाचणी असा क्रम होतो. गुण वाढतात, अहवाल पूर्ण होतो. परंतु मूल स्वतःच्या मनाने चार ओळी लिहू लागले की त्याच चुका परततात.

येथे प्रशिक्षकाने वह्या पुन्हा उघडून चुकांचे वर्गीकरण केल्यास चित्र पालटते. 'काळा' ऐवजी 'काया', 'डोळा' ऐवजी 'डोया', 'मला' ऐवजी 'मले' या निष्काळजीपणाच्या चुका नव्हेत. वऱ्हाडीत 'ळ' च्या जागी 'य' येतो आणि 'ला' प्रत्ययाच्या जागी 'ले' येतो. मूल आपल्या बोलीचा नियम काटेकोरपणे पाळत असते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांचे कारण वेगळे, कारण त्या लेखनसंकेताच्या आहेत. कारणे दोन, म्हणून उपायही दोन हवेत. बोलीशी निगडित चुकांसाठी घरचा शब्द व पुस्तकातील शब्द फळ्यावर शेजारी शेजारी मांडून त्यांतील नियम मुलांनाच शोधू देणे, ही अधिक योग्य कृतिपरिकल्पना ठरते.

मूल्यमापनातही बदल अपेक्षित आहे. सराव न केलेले शब्द, मुक्त लेखन आणि काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेली चाचणी यांतूनच सुधारणा टिकली की नाही, हे कळते. एका वर्गावरील निष्कर्ष सर्व शाळांना लागू करण्याचा मोह टाळावा लागतो.

प्रशिक्षकाचे शिकणे :
या प्रक्रियेत प्रशिक्षकास दोन गोष्टी उमगतात. एक, समस्येचे मूळ विद्यार्थ्यातच असते असे नाही. ते शिक्षकाच्या तांबड्या शाईतही असू शकते. 'काया' या शब्दावर वर्ग हसला तर ते मूल लिहिणेच नव्हे, बोलणेही टाळू लागते. दोन, फसलेली परिकल्पना हे अपयश नसून तोच खऱ्या कारणाकडे नेणारा पुरावा असतो.

समारोप :
२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेला प्रारंभिक शिक्षणात महत्त्वाचे स्थान दिले आहे. त्याची अंमलबजावणी अखेर वर्गातच व्हावयाची आहे. अध्यापक महाविद्यालयांनी कृतिसंशोधनाचे गुणदान करताना उत्तरचाचणीतील वाढीपेक्षा कारणमीमांसेस अधिक महत्त्व द्यावे आणि 'उपाय अपेक्षेप्रमाणे परिणामकारक ठरला नाही' असा प्रामाणिक निष्कर्षही ग्राह्य मानावा. अन्यथा छात्राध्यापक अहवाल लिहावयास शिकेल, परंतु मुलाची वही वाचावयास शिकणार नाही.