रान, शेत आणि शमी

मराठीतील ‘रान’ हा शब्द अन्य भाषांत नेताना अनुवादक सहसा ‘अरण्य’ हा एकच अर्थ जवळ करतो. परंतु देशावरचा शेतकरी ‘रानात जाऊन येतो’ असे म्हणतो, तेव्हा तो बहुधा आपल्या पिकाकडे निघालेला असतो. ‘रान नांगरले’, ‘काळे रान’, ‘रानात ज्वारी उभी आहे’ हे सारे प्रयोग शेताविषयीचे आहेत. लागवडीची जमीन आणि झाडाझुडपांची भूमी या दोहोंना एकच शब्द असावा, ही आपणांस अर्थाची शिथिलता वाटते. प्रस्तुत लेखकास मात्र तीत शेत आणि झाड यांची फारकत न करणाऱ्या कृषिजीवनाचा ठसा दिसतो. ते कृषिजीवन नीट न कळल्यामुळे भारतीय साहित्यातील एका महत्त्वाच्या वृक्षाचे आपले वाचन अपुरे राहिले आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

हा वृक्ष म्हणजे शमी. वनस्पतिशास्त्रात त्यास प्रोसोपिस सिनेरारिया म्हणतात. मराठीत त्याचे लौकिक नाव सौंदड. मारवाडात तो खेजडी, गुजरातेत खीजडो, पंजाबात जंड आणि सिंधीत कंडी होतो. कन्नडमध्ये बन्नी, तेलुगूत जम्मी, तमिळमध्ये वन्नी. काही वर्षांपूर्वी एका परप्रांतीय विद्यापीठात विराटपर्व शिकवीत असता प्रस्तुत लेखकाने शमीचा उल्लेख ‘अरण्यवृक्ष’ असा केला. मारवाडातून आलेल्या एका विद्यार्थ्याने नम्रपणे हरकत घेतली. खेजडी आमच्या बाजरीच्या शेतात असते, तिच्याभोवती बाजरी चांगली येते आणि दर हिवाळ्यात आम्ही तिची छाटणी करतो, असे त्याने सांगितले. टीकाग्रंथांच्या आधारे दिलेले उत्तर तेव्हा देणाऱ्यासच पोकळ वाटले.

झाडाखाली पीक खुरटते, हा सर्वसाधारण अनुभव आहे. प्रकाश, ओल आणि अन्नद्रव्ये या तिन्हींसाठी झाडाची व पिकाची स्पर्धा होते. पश्चिम राजस्थानात, जेथे वर्षाचा पाऊस बहुतांशी चारशे मिलिमीटरहून कमी, तेथे ही स्पर्धा पिकास मारक ठरावी. खेजडीच्या बाबतीत ती सौम्य होते, याची कारणे तिच्या शरीररचनेत आणि माणसाच्या हातात अशी दोन्हीकडे आहेत. तिचे सोटमूळ फार खोल जाते, तर बाजरीची मुळे बरीचशी वरच्या थरातील ओलीवर जगतात. तिची पर्णिका बारीक असल्यामुळे सावली विरळ पडते. ती शिंबावर्गीय असल्याने मुळांवरील गाठींतील जीवाणूंच्या साह्याने हवेतील नत्र जमिनीत येते; गळालेला पाला आणि सावलीस बसणाऱ्या गुरांचे शेण यांनी वाळूत सेंद्रिय अंश वाढतो. उरलेले काम कुऱ्हाड करते. हिवाळ्यात फांद्या छाटल्या की रब्बीच्या पिकास ऊन मिळते आणि ‘लूंग’ नावाचा पाला गुरांना चारा म्हणून साठविता येतो. झाड उन्हाळ्यात पुन्हा हिरवे होते. कोवळ्या शेंगा ‘सांगरी’ म्हणून वाळवून ठेवतात. पाऊस चुकलेल्या वर्षी बाजरी हाती लागत नाही, तरी खेजडी काहीतरी देते. दुष्काळी मुलखात हा फरक गुरे जगण्याचा आणि न जगण्याचा असू शकतो.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. प्रत्येक झाड पिकास असे मानवत नाही. दख्खनच्या काळ्या रानात बांधावर बाभूळ राखतात. तिच्या लगतचे पीक खुरटते, हे शेतकऱ्यास पक्के ठाऊक असते. तरीही तो ती ठेवतो, कारण औताला आणि गाडीला टणक लाकूड, कुंपणाला काटे आणि शेळ्यांना शेंगा तिच्याकडून मिळतात. काय गमवावयाचे व काय मिळवावयाचे, याचा हा हिशेब आहे. शेतातले झाड निसर्गाने दिलेले खरे, पण ते टिकते माणसाच्या निर्णयाने. खेजडी बहुधा कोणी लावीत नाही. आपोआप उगवलेले रोप नांगराच्या वाटेतून वाचवावे लागते.

आता साहित्याकडे वळू. विराटपर्वात पांडव आपली शस्त्रे स्मशानाजवळच्या एका शमीवर दडवितात. कवीने ती जागा आडवाटेची, श्वापदांचा वावर असलेली म्हणून वर्णिली आहे. पण ती नगरापासून फार दूरही नाही. कथेच्या रचनेत ही शमी बारा वर्षांचा वनवास आणि एका वर्षाचा नगरवास यांच्या सांध्यावर उभी आहे. पुढे अर्जुन आणि उत्तर शस्त्रांसाठी तिच्याकडे परततात, ते गाईंचे हरण झाल्यामुळे. मत्स्यदेश आजच्या जयपूर-अलवर भागाशी जोडला जातो, हे ध्यानी घेतले तर गोधन आणि शमी यांचे साहचर्य त्या भूमीच्या जीवनाशी सुसंगत ठरते.

पंजाबीतील मिर्झा-साहिबां कथेत मिर्झा जंडाखाली निजतो. लोकप्रिय कथारूपात साहिबां त्याचे बाण मोडून भाता त्या झाडावर टांगते आणि मिर्झा मारला जातो. एका कथेत शमीवर ठेवलेली शस्त्रे तारतात, दुसरीत तीच कृती घात करते. या साम्यावरून प्रभावाचा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. उघड्या माळावर विसावा देणारे हे झाड दोन्ही कवींच्या श्रोत्यांना परिचित होते, एवढे पुरेसे आहे. महाराष्ट्रात दसऱ्याला सीमोल्लंघन करून, म्हणजे गावाची शीव ओलांडून, शमीपूजन करतात. शिवेपलीकडे जे लागते त्याला शिवार म्हणावे की रान, हा प्रश्न ग्रामीण मराठीस पडत नाही.

आधुनिक प्रशासनास मात्र तो पडला. त्याने वन एका खात्याकडे आणि शेत दुसऱ्याकडे दिले. शेतातले झाड दोहोंच्या मध्ये राहिले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात या जुन्या व्यवहारास जागतिक संशोधनक्षेत्रात स्वतंत्र नाव मिळाले. भारतात १९८३ मध्ये अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला, १९८८ मध्ये झांशी येथे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले आणि २०१४ मध्ये राष्ट्रीय धोरण आले. मराठीने त्यासाठी ‘वनशेती’ हा समास घडविला. ‘रान’ या शब्दाने जे कधी वेगळे केलेच नव्हते, ते या समासास जोडावे लागले.

भाषेच्या या फारकतीचे एक उदाहरण बोलके आहे. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावी अमृतादेवी आणि अन्य बिश्नोई, परंपरेनुसार एकूण ३६३ जण, खेजडीची तोड रोखताना मारले गेले. ११ सप्टेंबर हा दिवस २०१३ पासून त्यांच्या स्मरणार्थ ‘राष्ट्रीय वन शहीद दिन’ म्हणून पाळला जातो. गौरव योग्यच आहे. पण ज्या झाडांसाठी त्यांनी प्राण दिले ती गावाची, रोजच्या जगण्यातली झाडे होती. ‘वन’ म्हटल्याने ती वस्तीपासून दूर जातात.

आज खेजडीवर अनेक बाजूंनी संकट आहे. ट्रॅक्टरच्या नांगराखाली नवी रोपे टिकत नाहीत. दरवर्षीची संपूर्ण छाटणी, मुळे पोखरणारी कीड आणि बुरशी यांनी जुनी झाडे वाळतात. बीकानेर भागात सौरऊर्जा प्रकल्पांसाठी होणाऱ्या तोडीविरुद्ध अलीकडे आंदोलने झाली आहेत. ही झाडे शेतातून गेली तर मारवाडचा शेतकरी दुष्काळातला आधार गमावील. साहित्याच्या अभ्यासकाचे नुकसान त्या मानाने लहान आहे, तरी ते खरे आहे : शमी हा शब्द ग्रंथात राहील आणि त्याच्याखाली उभी बाजरी कोणासच आठवणार नाही. निदान पुढील अनुवादकाने ‘रान’ या शब्दापाशी क्षणभर थांबून, तेथे पीक उभे आहे काय, हे पाहून घ्यावे.