‘तात्पुरता’ म्हणजे किती वेळ?

पावसाळ्यात पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावर दरड आली की बातमी ठरलेली असते : ‘आंबेनळी घाट तात्पुरता बंद’. भाजीचा टेम्पो घेऊन निघालेला चालक असो की प्रतापगड पाहायला आलेले कुटुंब, प्रश्न एकच. तात्पुरता म्हणजे किती? जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, घाटात जागोजागी दरडी आल्या, रस्ता खचला आणि वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली.

‘तात्पुरता’ला माप नाही. इंग्रजीतल्या ‘टेम्पररिली’लाही नाही.

इंग्रजीत अल्पकाळ सांगणारी क्रियाविशेषणे पुष्कळ आहेत, पण त्यांची गल्लत सहज होते. ‘ब्रीफली’ म्हणजे थोडा वेळ. ‘शॉर्टली’ मात्र थोडा वेळ नव्हे, थोड्याच वेळात. ‘घाट शॉर्टली बंद होईल’ असे कोणी लिहिले, तर तो लवकरच बंद होणार एवढेच कळते. किती वेळ, ते नाही. ‘मोमेंटरिली’ची तर दोन रूपे : ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ क्षणभर, अमेरिकेत त्याचबरोबर ‘आता एवढ्यात’ असाही.

मराठीत हा घोळ सहसा होत नाही. ‘भर’ लागला की मुक्काम कळतो, ‘त’ लागला की वेग : गाडी वळणावर क्षणभर थांबली, दरड क्षणात खाली आली. घटकाभर बसलेला पाहुणा आणि घटकेत परतलेला पाहुणा यांत कोणाचीच गफलत होत नाही.

शिवाय जुन्या शब्दांना माप होते. तळाला बारीक भोक असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडत. ते भरून बुडाले की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटे. घटकेचा साठावा भाग पळ, २४ सेकंदांचा. मध्ययुगीन युरोपातही ‘मोमेंट’ तासाचा चाळिसावा भाग, म्हणजे सरासरी दीड मिनिट, मानला जाई. पुढे घड्याळ घरोघर आले आणि ही मापे विसरली जाऊन शब्द तेवढे उरले.

घाटाखाली खोळंबलेल्या माणसाला मापच हवे असते. पर्यायी वाट असलेला वरंधा घाटही पावसाळ्यात अनेकदा बंद असतो, त्यामुळे थांबायचे की दूरचा वळसा घ्यायचा, हे त्याला तिथेच ठरवावे लागते. म्हणून ‘तात्पुरता बंद’ या फलकावर आणखी तीन गोष्टी हव्यात : पुढची पाहणी किती वाजता, हलकी वाहने सोडणार की नाही, आणि पर्यायी रस्ता कोणता.