यंत्रावरचा ठेका

बदलापूर किंवा अंबरनाथहून सकाळच्या लोकलनें मुंबईस निघालेल्या तरुणाच्या हातांत मोबाइल असतो व कानांत हेडफोन. तो गाणेंच ऐकत असेल असें नाहीं. कदाचित् तो तें रचीतही असेल. पडद्यावर सोळा चौकटी मांडलेल्या असतात. बोट ठेवावें त्या चौकटींत एक आघात उमटतो. या रचनेस बीट म्हणतात, आणि शब्दांची जोड न देतां ती एकटीच ऐकावयाची असली म्हणजे तें वाद्यांचें हिप हॉप होय. घरांतील वडील मंडळी यास गोंगाट म्हणतात. तो गोंगाट केव्हां होतो आणि केव्हां होत नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

हिप हॉपचा जन्म १९७३ च्या ऑगस्टांत न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागांत झाला असें मानतात. गाण्यांतील केवळ तालवाद्यांच्या तुकड्यावर लोक अधिक रंगून नाचतात हें ओळखून कूल हर्क या जमेकन तरुणानें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या आणि तेवढाच तुकडा पुनःपुन्हां वाजविला. म्हणजे मुळांत ही कला वादनापेक्षां निवडीची. ताल वाजविणारीं यंत्रें पुढें आलीं. १९८० सालीं निघालेलें रोलंड कंपनीचें ८०८ हें त्यांतील प्रसिद्ध यंत्र. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ मध्यें मुंबईंत त्याच यंत्राच्या ठेक्यावर दहा राग वाजवून तबकडी काढली. तेव्हां ती फारशी कोणी घेतली नाहीं. २०१० मध्यें ती पुन्हां निघाली आणि परदेशांत तिचें मोठें कौतुक झालें.

आतां रचनेकडे वळूं. गति मिनिटास ९० ठोके धरली तर चार ठोक्यांच्या आवर्तनास पावणेतीन सेकंदांहून किंचित् कमी वेळ लागतो. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले म्हणजे सोळा घरें होतात, व एका घरास सेकंदाचा सहावा भाग येतो. सोळा म्हटल्यावर त्रिताल आठवेल. परंतु येथें टाळी-खालीचा हिशेब नाहीं. पहिल्या व तिसऱ्या ठोक्यावर किक, म्हणजे डग्ग्यासारखा घुमारा. दुसऱ्या व चौथ्यावर स्नेअर, म्हणजे टाळीसारखा कोरडा आघात. वरून हाय-हॅटची झांजेसारखी बारीक किणकिण. एवढ्यावर सांगाडा उभा राहतो.

नवशिका फसतो तो येथेंच. सगळे आघात घड्याळाप्रमाणें तंतोतंत बसविले कीं ठेका बिनचूक होतो आणि त्याच वेळीं निर्जीवही होतो. भजनी मंडळांतील ढोलकीवाला मात्रा अशी मोजून टाकीत नाहीं. एखादी किंचित् रेंगाळते, म्हणून तर मान डोलते. रॉजर लिन या अमेरिकन यंत्रकारानें हें हेरून आपल्या यंत्रांत दर दुसरें घर थोडें उशिरां वाजण्याची सोय केली. १९८८ सालच्या अकाई कंपनीच्या एमपीसी ६० मध्येंही ती होती. तेथें ५० टक्के म्हणजे सरळ चाल. ती ५४ वर नेली तर, वर सांगितलेल्या गतींत, तें घर सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागानें मागें सरतें. एवढा उशीर वेगळा असा ऐकूं येत नाहीं, पण चाल पालटते. डेट्रॉइटचा जे डिला तर पुष्कळदां यंत्राची दुरुस्ती बंद ठेवून बोटांनींच वाजवी. वाद्यांच्या बीटांची त्याची 'डोनट्स' ही ध्वनिमुद्रिका २००६ सालीं निघाली आणि तीनच दिवसांनीं तो वारला.

यंत्राविषयींचा संशय नभोवाणीस नवा नाहीं. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं बिचाऱ्या पेटीवरच बंदी घातली होती. ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडलें!

खरा प्रश्न आहे तो उसनवारीचा. मॅडलिब या अमेरिकन रचनाकारानें २००७ मध्यें हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर वाद्यांचे असेच बीट रचून एक ध्वनिमुद्रिकाच काढली. तथापि १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटांतील लताबाईंच्या गाण्याचा तुकडा २००२ मध्यें एका अमेरिकन गाण्यांत आला तेव्हां प्रकरण न्यायालयांत गेलें. आपल्याकडील १९५७ च्या कायद्यानें ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षें टिकतो. चाल व शब्द यांचे हक्क आणखी निराळे. घरच्या अभ्यासास कोणी अडवीत नाहीं. परंतु रचना जगापुढें मांडावयाची तर परवानगी हवी, किंवा आवाज तरी स्वतःचा हवा.

आणि आवाजांना या पट्ट्यांत तोटा नाहीं. उल्हासनगरच्या गल्ल्यांतून जीन्स शिवणाऱ्या यंत्रांची घरघर, गाडी रूळ बदलतांना होणारा खडखडाट, बदलापुरांतील पत्र्यावरचा पाऊस, हें सर्व मोबाइलवर टिपतां येतें. शिवणयंत्राचा अर्ध्या सेकंदाचा तुकडा कापावा आणि हाय-हॅटच्या जागीं बसवावा. रुळांच्या खडखडाटांतील एक दणका निवडून त्याचा वेग निम्म्यावर आणला कीं तो एक सप्तक खालीं उतरतो आणि त्याची किक होते. बॅन्डलॅबसारख्या साधनांत हें सारें फुकट साधतें. मात्र मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यांत खर्ज उमटत नाहीं. म्हणून किक कमी वाटते आणि नवशिका ती वाढवीत सुटतो. शेवटची पारख हेडफोननें करावी, आणि जमल्यास शेजारच्या मंडपांतील मोठ्या कर्ण्यावर.