सुप्यातून मेडिकलला: अकरावीचे विषय

नगर-पुणे रस्त्यावरच्या सुप्यात दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विचारणा: गणित ठेवायचे की सोडायचे? डॉक्टरकीची वाट आपल्याकडे अकरावीतच धरावी लागते. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवेच. गणित सक्तीचे नाही. तरी झेपत असेल तर ठेवावे, असे मला मनापासून वाटते. अभियांत्रिकीचे दार उघडे राहते, भौतिकशास्त्रातली आकडेमोडही सोपी जाते. गणिताची धास्तीच असेल, तर मात्र तो वेळ जीवशास्त्राला द्या.

नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे आहेत. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला प्रत्येकी १८०. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. बोर्डाच्या पुस्तकाशेजारी एनसीईआरटीचे पुस्तक हवेच.

मराठी माध्यमातल्या मुलांनी बिचकू नये, नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. पुढे एमबीबीएसची पुस्तके मात्र इंग्रजीत असतात. म्हणून अकरावीपासूनच एक वही करा: डावीकडे ‘पेशीभित्तिका’, उजवीकडे ‘सेल वॉल’. आणि बारावीकडे दुर्लक्ष नको. तिन्ही शास्त्रांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, आरक्षित प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतातच.